बाबांचा कॉम्प्युटर आणि आईचा कूलर : जोडणीच्या नोंदी

१४ एप्रिल २०२४, रविवार

मधल्या खोलीत टेबल लावलं. नागपूरच्या महाल भागातलं आमचं घर जुनं, भिंती हातभर जाड, खोलीला खिडकी एकच आणि त्या खिडकीत कूलर. टेबलाला जागा उरली ती कूलरच्या शेजारी. बाबा खूश, काम करताना वारा मिळेल म्हणाले.

काम काय, तर आजोबांच्या शेताच्या वह्या स्कॅन करायच्या. कापूस किती निघाला, संत्र्याची कलमं कुठून आणली, कोणाला किती उसने दिले, असं सगळं शाईच्या बारीक अक्षरात. कागद तपकिरी झाला आहे, घडीवर तुटतो. झेरॉक्सच्या दुकानात वही द्यायला बाबा तयार नाहीत. म्हणून घरीच.

कॅबिनेट तेवढा नवा, असेंबल केलेला. बाकी सगळं माळ्यावरच्या खोक्यातून काढलं: १९ इंची जुना मॉनिटर, गोल जांभळ्या पिनचा वजनदार कीबोर्ड, सपाट स्कॅनर, दोन स्पीकर, चार तोंडांचा यूएसबी हब. लेझर प्रिंटर, बाहेरची हार्ड डिस्क, बिनतारी माउस आणि यूपीएस माझ्याकडचे. वेबकॅम डब्यातच ठेवला, तो शेवटी.

कॅबिनेटची पाठ वहीत काढून ठेवली: निळ्या जिभेचे चार यूएसबी, काळ्या जिभेचे दोन, एक अर्धा जांभळा अर्धा हिरवा गोल पोर्ट, एक एचडीएमआय. पुढच्या बाजूला काळे दोन. निळे म्हणजे यूएसबी ३, काळे म्हणजे यूएसबी २. रंगाचा हा संकेत सगळेच बनवणारे पाळतात असं नाही, पण या बोर्डावर पाळला आहे.

नियम ठरवला: एका दिवशी एकच यंत्र. ते नीट चाललं की मगच पुढचं.

२० एप्रिल, शनिवार

काल मतदान झालं, बाबांच्या बोटावरची शाई अजून ताजी आहे.

आज मॉनिटर. त्याला फक्त व्हीजीए, म्हणजे निळा, पंधरा पिनचा, दोन स्क्रूवाला जोड. कॅबिनेटला फक्त एचडीएमआय. बर्डीला मोदी नंबर तीन या कॉम्प्युटर दुकानांच्या गल्लीत गेले. दुकानदाराने आधी एक साधी वायर पुढे केली, एका टोकाला एचडीएमआय, दुसऱ्याला व्हीजीए, मध्ये काहीच नाही. एचडीएमआयमधून आकडे जातात आणि व्हीजीएला चढउतार होणारा व्होल्टेज लागतो. मध्ये भाषांतर करणारी चिप नसेल तर अशी वायर दोरी म्हणूनच कामाची. चिप असलेली छोटी डबी मागून घेतली.

घरी लावलं तर चित्र आलं, पण अक्षरं उभी ताणलेली. मॉनिटरचा स्वतःचा आकार १२८० बाय १०२४, आणि कॉम्प्युटर १०२४ बाय ७६८च्या पुढे जाईना. अर्धा तास सेटिंगमध्ये घालवला. ड्रायव्हरला, म्हणजे यंत्राची भाषा कॉम्प्युटरला समजावणाऱ्या प्रोग्रामला, शिव्या देऊन झाल्या. शेवटी जोड काढून उजेडात धरला तेव्हा बारा नंबरची पिन आडवी झालेली दिसली. बारा आणि पंधरा या दोन पिनांवरून मॉनिटर आपलं नाव आणि आपले आकार कॉम्प्युटरला सांगतो. ती वाट तुटली की कॉम्प्युटर अंदाजाने काहीतरी बेताचं दाखवतो. चित्राच्या पिना वेगळ्या, त्या शाबूत, म्हणून चित्र आलं आणि मी भलतीकडे शोधत बसले.

रिकाम्या रिफिलची नळी पिनवर बसवून हळूच सरळ केली. चिमट्याने ओढली असती तर तुटली असती. आता अक्षरं गोल आहेत.

२१ एप्रिल, रविवार

कीबोर्ड. दुकानातल्या पोराने काल एक जांभळा चिमुकला अॅडॉप्टर फुकट दिला होता, ‘लावा ना ताई, चालते.’ नाही चालला, आणि चालणारही नव्हता. तसले अॅडॉप्टर उलट दिशेचे: दोन्ही भाषा येणारा यूएसबी कीबोर्ड जुन्या गोल पोर्टात लावण्यासाठी. जुना गोल पिनचा कीबोर्ड यूएसबीत घालायला आत चिप असलेला कन्व्हर्टर लागतो. पण आमच्या बोर्डावर अर्धा जांभळा पोर्ट आहेच की! कॉम्प्युटर बंद केला, पिन बसवली, चालू केला, झालं. बंद करणं महत्त्वाचं. हा पोर्ट १९८७ सालचा, चालू मशीनवर काढघाल करायला बनवलेलाच नाही.

बाबांना मराठी टायपिंगची इनस्क्रिप्ट मांडणी लावून दिली. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, हे त्यांना दहा मिनिटांत पटलं. ‘ळ’ कुठे आहे यावर अर्धा तास. शिफ्ट धरून ‘ल’.

२८ एप्रिल, रविवार

स्कॅनर. सगळं घोडं इथे अडलं.

हा स्कॅनर बत्तीस बिटी विंडोजच्या काळातला. आजचं चौसष्ट बिटी विंडोज बत्तीस बिटी ड्रायव्हर घेतच नाही, आणि कंपनीने या मॉडेलसाठी नवा काढला नाही. यंत्र ठणठणीत, फक्त त्याची भाषा बोलणारं कोणी उरलं नाही. लिनक्स या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये मात्र ‘सेन’ नावाची यंत्रणा असे जुने स्कॅनर सांभाळून आहे. लिनक्स मिंट टाकलं. बाबांना विंडोजच हवं होतं असं नाही, त्यांना खाली डाव्या कोपऱ्यात बटण हवं होतं. ते मिंटमध्ये आहे.

तरी स्कॅनर दिसेना. टेबल नीटनेटकं दिसावं म्हणून मी तो चार तोंडांच्या हबमध्ये लावला होता. कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, लॉगमध्ये (नोंदींच्या फाइलमध्ये) सरळ लिहिलं होतं, पुरेशी वीज नाही म्हणून नाकारलं. हिशोब सोपा आहे. यूएसबी २चा एक पोर्ट ५ व्होल्टवर ५०० मिलीअँपिअर देतो. बिनाअॅडॉप्टरचा हब त्यातलं थोडं स्वतः खातो आणि पुढच्या प्रत्येक तोंडाला १०० देतो. या स्कॅनरला वेगळा वीजपुरवठा नाही, दिवा आणि मोटर दोन्ही यूएसबीवरच चालतात, आणि त्याची मागणी पूर्ण ५००ची. एका पोळीचे चार भाग करून एकालाच पोटभर जेवायला सांगितल्यासारखं.

हब काढला. पाठीमागच्या काळ्या पोर्टात थेट लावला. दिवा लागला, मोटर कुरकुरली, पहिलं पान आलं. रंगीत, ३०० डीपीआय, म्हणजे इंचाला ३०० ठिपके. ए-फोर पानाचे २४८० बाय ३५०८ ठिपके, फाइल कॉम्प्रेस करण्याआधी साधारण २६ एमबी. ६००ने करून पाहिलं तर चौपट जागा आणि वाचायला तितकंच. ३००वरच राहू.

४ मे, शनिवार

बिनतारी माउस अडखळतो. बाबा म्हणाले, ‘सेल गेला असंल.’ नवा सेल टाकला. तसंच. मग लक्षात आलं की हार्ड डिस्कवर कॉपी सुरू असली तरच अडखळतो.

माउसचं बोंडूक, म्हणजे त्याचे सिग्नल पकडणारा यूएसबीचा छोटा तुकडा, निळ्या पोर्टात, त्याला खेटून हार्ड डिस्कची वायर, तीही निळ्यात. यूएसबी ३चा वेग ५ गिगाबिटचा, आणि त्या धावपळीतून जो रेडिओ गोंगाट बाहेर पडतो तो नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात. बिनतारी माउस त्याच पट्ट्यात बोलतो. इंटेलनेच २०१२ साली यावर मोजमापांसकट टिपण काढलं होतं. इतवारीच्या बाजारात दोन माणसांनी कानात बोलायचं म्हटलं तर जे होईल ते इथे होतं.

बोंडूक पुढच्या काळ्या पोर्टात लावलं. माउस सुतासारखा सरळ.

५ मे, रविवार

प्रिंटर. लिनक्सने आपणहून ओळखला, लिहिण्यासारखं काही नाही. एकच गोष्ट: मी तो यूपीएसवर लावला होता. पहिलं पान काढताच यूपीएस ओरडला आणि सगळंच बंद. लेझर प्रिंटरमध्ये पावडर कागदावर भाजून चिकटवणारा हीटर असतो, तो एकदम काही शे वॉट ओढतो. आमचा ६०० व्हीएचा यूपीएस त्या धक्क्याला पुरत नाही. प्रिंटर भिंतीच्या सॉकेटवर, यूपीएसवर फक्त कॅबिनेट आणि मॉनिटर.

१२ मे, रविवार

स्कॅनर सुटतो. म्हणजे चालता चालता मध्येच नाहीसा होतो, दिवा अर्ध्या पानावर थांबतो. वही नंबर एक, पान चौदा, तीन वेळा. वायर काढून लावली की परत येतो. बाबा वैतागले. ‘काय करून राहिली तू? परवापर्यंत तर चांगला होता.’

पोर्ट बदलला. तेच. दुसरी वायर लावली. तेच. यूएसबीची वीज वाचवणारी सेटिंग बंद केली. तेच. संध्याकाळी मात्र सलग अकरा पानं न थांबता निघाली, आणि मी काहीच बदललं नव्हतं. काही न करता सुरळीत झालेली गोष्ट मला जास्त छळते.

१८ मे, शनिवार

आज शिस्तीने बसले. एका बाजूला लॉग उघडा, दुसरीकडे कागदावर वेळ. दुपारी १:१२ला सुटला. १:३६ला सुटला. २:१०ला सुटला. लॉगमधली ओळ वाचून हसू आलं. कर्नल म्हणतो: हबने पोर्ट बंद केला, आणि पुढे कंसात ईएमआय, त्यापुढे प्रश्नचिन्ह, मग पुन्हा चालू करतो आहे. बाबा मागून डोकावले. ‘कशाचा हप्ता थकला?’

हप्ता नाही. विद्युतचुंबकीय गडबडीला इंग्रजीत तीच तीन अक्षरं. कर्नल लिहिणाऱ्यांनीसुद्धा खात्री नाही म्हणून प्रश्नचिन्ह ठेवलं आहे: तारेवर कुठून तरी खटका आला असावा, असा त्याचा अर्थ.

खटका कुठून? १:१२ला मी ऐकला होता. आईने कूलरचा पंप लावला तो. आई पंप सतत चालवत नाही, ताट्या भिजल्या की बंद, वाळल्या की चालू. वाळा ओला राहिला पाहिजे, पण खोली चिकट व्हायला नको, असं तिचं गणित. १:३६ला बंद. २:१०ला परत चालू. संध्याकाळी पंप लागत नाही, म्हणून संध्याकाळी पानं निघतात!

खात्रीसाठी आईला म्हटलं, जरा पाच-सहा वेळा बटण चालू-बंद कर. सहापैकी चार वेळा स्कॅनर गेला. बटण दाबताना आत निळी ठिणगी दिसते, जुनं झालं आहे.

मी म्हटलं, दोन तास कूलर बंद ठेवू या का? आईने माझ्याकडे असं पाहिलं की तो विषय तिथेच संपला. मे महिना, नागपूर. ‘तुझा स्कॅनर बंद ठेव,’ ती म्हणाली.

१९ मे, रविवार

तरी एक प्रश्न उरतो. बटणाच्या ठिणग्या प्रत्येक घरात उडतात, प्रत्येक घरातला स्कॅनर काही जात नाही. आमच्याकडे तो खटका इतका आत कसा शिरतो?

सकाळी अनवाणी फरशी पुसताना हाताची मागची बाजू कॅबिनेटला लागली आणि झिणझिण्या आल्या. मल्टिमीटर काढला. कॅबिनेटचा पत्रा आणि मोरीतल्या नळाचा लोखंडी पाइप यांच्यामध्ये १०८ व्होल्ट. हा आकडा ओळखीचा. कॉम्प्युटरच्या वीजपुरवठ्यात फेजपासून पत्र्याकडे एक आणि न्यूट्रलपासून पत्र्याकडे एक असे दोन छोटे कपॅसिटर असतात, गोंगाट जमिनीत सोडण्यासाठी. अर्थिंग असेल तर तो गोंगाट मुकाट जमिनीत जातो. नसेल तर पत्रा दोघांच्या मधोमध लोंबकळतो, म्हणजे सव्वादोनशेच्या जवळपास अर्ध्यावर. करंट अगदी कमी, त्यामुळे माणूस दगावत नाही, पण झिणझिण्या येतात. आणि ज्या पत्र्याला स्कॅनर, मॉनिटर, स्पीकर सगळे आपली शून्य पातळी समजतात, तो स्वतःच झुलत असतो.

मग कूलरच्या पत्र्यावर मीटर लावला. तिथेही जवळपास तेवढेच. आता मात्र हसू आलं नाही. दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकने माणूस गेल्याच्या बातम्या विदर्भात वाचतो आपण. ओली फरशी, लोखंडी पत्रा, आणि आई रोज त्यात बादलीने पाणी भरते.

आईला सांगितलं. कूलर बंद करून पाणी भर, प्लगसुद्धा काढ. या वेळी तिने वाद घातला नाही.

२५ मे, शनिवार

आजपासून नवतपा, उन्हाळ्यातले कडक उन्हाचे नऊ दिवस. वायरमन सकाळी सातला आला, ‘उन्हाच्या आधी करून टाकू जी.’ होल्डरला दोन वायरी जोडलेला शंभरचा बल्ब त्याने फेज आणि न्यूट्रलमध्ये धरला, लख्ख. फेज आणि अर्थमध्ये धरला, काजव्याएवढंही नाही.

‘अर्थिंग नावालेच आहे ताई. वायर तं आहे, पण ते जाते कुठं?’

ती शोधायला तास गेला. बोर्डातली हिरवी वायर स्वयंपाकघरापर्यंत येते आणि फरशीखाली संपते. आठ वर्षांपूर्वी फरशी बदलली तेव्हा कोणीतरी कापली असणार. मागच्या अंगणात जुन्या पाइपचं तोंड सापडलं, गंजून पापुद्रे सुटलेलं, भोवतीच्या काळ्या मातीला बोटभर भेगा. काळी माती वाळली की आकसते आणि पाइपापासून सुटते, त्यामुळे वायर जागेवर असती तरी मे महिन्यात तिचा फारसा उपयोग नव्हताच.

या घरातली खरी मजा त्याने शेवटी दाखवली. खोलीतल्या सगळ्या सॉकेटच्या अर्थ पिना एकमेकांना जोडलेल्या आहेत. म्हणजे कूलर, कॅबिनेट, मॉनिटर, सगळ्यांनी एकमेकांचे हात धरले आहेत आणि पाय कोणाचाच जमिनीवर नाही. कूलरच्या बटणाचा खटका त्या धरलेल्या हातांवरून सरळ स्कॅनरपर्यंत पोचत होता. मी दोन आठवडे यूएसबीच्या वायरीत शोधत होते, आणि बिघाड माझ्या यादीतच नसलेल्या वायरमध्ये होता.

२६ मे, रविवार

दोन गडी, दीड दिवसाचं काम आज दुपारपर्यंत आटोपलं. अडीच मीटरचा जस्ताचा मुलामा दिलेला पाइप, भोवती कोळसा आणि मिठाचे थर, वर पाणी ओतायला नरसाळं, त्यावर विटांचा छोटा हौद आणि झाकण. पाइपाची अडीच मीटर लांबी भारतीय मानक ३०४३ मधलीच. वायरमनला मानकाचा नंबर माहीत नव्हता, लांबी तोंडपाठ होती. वरची चार फूट माती दगडासारखी, खाली गेल्यावर ओल लागली.

मेन बोर्डात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, बसवला. कूलरसाठी वेगळी लाइन आणि नवं बटण. बल्ब आता फेज आणि अर्थमध्येही लख्ख पेटतो. ही चाचणी आरसीसीबीच्या आधी केली, नंतर केली असती तर तो लगेच पडला असता, आणि पडायलाच हवा. बल्ब पेटला म्हणजे अर्थिंगची मोजणी झाली असं नाही, त्याला वेगळं मीटर लागतं. पण पत्रा आणि नळ यांच्यात आता दीड व्होल्ट आहेत.

खर्च स्कॅनरच्या किमतीच्या कितीतरी पट झाला. बाबांनी विचारलं, हे कोणत्या खात्यात लिहू? मी म्हटलं, कूलरच्या.

३१ मे, शुक्रवार

काल रामदासपेठेतल्या स्वयंचलित केंद्रावर ५६ अंशांची नोंद झाली आणि दिवसभर फोनवर तोच आकडा फिरत होता. हवामान खात्याने मग सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. आईला ते पटलेलं नाही, तिच्या मते सेन्सरच तेवढा खरं बोलला. मला मात्र त्या सेन्सरच्या वायरची फार उत्सुकता आहे.

ऑफिसमधून आल्यावर पंप चालू ठेवून, बटण मुद्दाम चालू-बंद करत, वीस पानं काढली. एकदाही सुटला नाही. स्पीकर लावले. आधी लावून पाहिले तेव्हा त्यांतून गुणगुण यायची आणि कॅबिनेटला हात लावला की कमी व्हायची, तेव्हा मला तो स्पीकरचाच दोष वाटायचा. आता गुणगुण नाही.

२ जून, रविवार

एकदा सुटलाच. पंप बंद होता, बटणाला कोणी हात लावला नव्हता. लॉगमध्ये या वेळी ईएमआय नाही, उणे ७१चा एरर, म्हणजे बोलणं अर्धवट तुटलं.

ही वायर मी १२ मेला बदललेली, तीन मीटरची, हाताला बारीक लागणारी. आतल्या तारा तितक्याच बारीक असतील तर जाऊन-येऊन सहा मीटरचा रोध एक ओहमच्या वर जातो. अर्धा अँपिअर वाहिला की पाचातला अर्धा व्होल्ट वाटेतच जिरला. दिवा आणि मोटर एकदम चालू होतात तेव्हा स्कॅनर उपाशीच. म्हणजे एक रोग शोधताना दुसरा मीच घरात आणला होता. स्कॅनरची मूळची एक मीटरची जाड वायर खोक्यात तशीच पडली होती, ती लावली. कॅबिनेट टेबलावर घ्यावा लागला, दिसायला वाईट दिसतो.

८ जून, शनिवार

वही नंबर एक पूर्ण, ११८ पानं. वही दोनमधली ४३. सुटण्याची नोंद नाही.

बाबा आता सकाळी तुळशीला पाणी घालून उरलेलं नरसाळ्यात ओततात. पाऊस पडेपर्यंत ओता, असं वायरमनने सांगितलं होतं, ते त्यांनी फारच मनावर घेतलं आहे. आईचा पंप तिच्या वेळेने चालू-बंद होतो आणि स्कॅनर त्याकडे लक्ष देत नाही.

पुढच्या शनिवारी वेबकॅम. त्याची वायर दीड मीटर आहे, आधीच मोजून घेतली.